बेळगावच्या हौशी मंडळीचं ‘संगीत सौभद्र’: प्रयोग कसा आहे, सभासद व्हावं का?

तिकीट अडीचशे रुपये. सभासद झालात तर वर्षाचे दोन हजार, दोघांसाठी. त्यात तीन संगीत नाटकं आणि प्रत्येकाचे दोन प्रयोग. मंडळी हौशी आहे. बँकेत, शाळेत, दुकानात दिवस काढून संध्याकाळी तालमीला येणारी माणसं, बहुतेक टिळकवाडी-शहापूरकडची. व्यावसायिक कंपनीचा झगमगाट इथं शोधू नये. पण ‘आपलीच माणसं, चालायचंच’ म्हणून सूट द्यायचंही कारण नाही, कारण तिकिटाचे पैसे खरे असतात. थोडक्यात मत असं: गाणं आणि साथ पैसे वसूल, ध्वनियोजना नापास, मध्यंतर असह्य. तरीही सभासद व्हा. का, ते पुढं येईलच.

नाटकाची निवड शहाणपणाची आहे. ‘सौभद्र’ १८८२चं. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८५ साली वारले तेही तिथंच. पण निवडीमागं निव्वळ गाववालेपणा नाही. लेखक गेल्यानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळं किर्लोस्कर, देवल, खाडिलकर यांची नाटकं कुणालाही विनापरवाना करता येतात. ‘कट्यार काळजात घुसली’सारखं अलीकडचं नाटक करायचं म्हटलं की परवानगी आली, मानधन आलं, पत्रव्यवहार आला. हौशी मंडळ्या जुन्या नाटकांना धरून असतात त्यात परंपरेच्या प्रेमाइतकाच हा हिशेबही असतो, आणि तो चुकीचा नाही.

गोष्ट माहीत नसेल तर एवढी पुरे. बलरामानं बहिणीचं, सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय. तिचं मन अर्जुनावर. कृष्ण वरवर दादाच्या हो ला हो करतो आणि आतून सगळी सूत्रं अर्जुनाच्या बाजूनं हलवतो. अर्जुन संन्यासी होऊन येतो आणि भोळा बलराम त्याच्याच सेवेला बहिणीला नेमतो. घरातलं लग्न, घरातली चलाखी. म्हणून हे नाटक अजून हसवतं. या मंडळीचा बलराम त्यासाठी पाहण्यासारखा आहे. गाणं त्याच्या वाट्याला फारसं नाही, पण संन्याशापुढं हात जोडताना त्याचा जो आवाज मऊ होतो, तेवढ्यात सभागृह जिंकतो.

आता लांबीबद्दल. मूळ नाटक पाच अंकी, पदं शंभराच्या वर, प्रयोग रात्रभर चालणारा. आज कुणीही करो, कापूनच करावं लागतं. या संहितेत तिसेक पदं ठेवलीत आणि मध्यंतर धरून साडेतीन तास लागतात. कात्री मात्र नेहमीच्याच ठिकाणी चाललीय, म्हणजे साक्या आणि दिंड्यांवर. इथं तक्रार आहे. साकी म्हणजे सोळा आणि बारा मात्रांची ओळ, दिंडी म्हणजे नऊ आणि दहाची. अर्ध्या मिनिटात म्हणून होतात. त्यांचं काम ख्यालासारखं गाणं हे नाहीच. गद्यात पाच वाक्यं लागतील ती बातमी ओळीत देऊन पात्राला पुढं ढकलायचं, हे त्यांचं काम. त्या काढल्या की काय होतं, ते दुसऱ्या अंकात कळतं: पद संपतं, पात्र गप्प उभं, आणि पुढचा संवाद कुठून उगवला कळत नाही. वेळ वाचवायचाच असेल तर तीन मोठ्या पदांतली तानबाजी कमी करावी. बऱ्याच साक्या त्यात बसतील आणि नवख्या माणसाला गोष्टही कळेल.

‘मराठी ऑपेरा’ असं या प्रकाराला म्हणायची पद्धत आहे. पाश्चात्त्य ऑपेराची रेकॉर्डिंगं ऐकून गोडी लागलेल्यांनी एवढं ध्यानात ठेवून यावं: तिकडं बहुतेक ऑपेरांत संवादसुद्धा गाऊनच होतात आणि गायकाचा स्वर न् स्वर लिहिलेला असतो. इकडं कथा गद्यात चालते, पदाशी येऊन थांबते, आणि पदातही मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, तेवढा ठरलेला. पुढचं त्या रात्रीचं. म्हणून तर एकाच नाटकाचे दोन प्रयोग सभासदांना देणं ही नुसती सवलत नाही. सुभद्रेचं तेच पद दोन रात्री दोन वाटांनी जातं, आणि तुलना करायला लागलात की तुम्हाला नाद लागला म्हणून समजा.

या मंडळीचं सगळ्यांत मोठं धन म्हणजे ऑर्गन आणि तो वाजवणारा माणूस. पायांनी भाता मारायचा जुना रीडचा ऑर्गन आहे. की-बोर्डवर भागवलेलं नाही. फरक पहिल्याच नांदीला कळतो. की-बोर्डचा स्वर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच वजनाचा. इथं पायाचा दाब वाढला की स्वर फुगतो, ओसरला की मावळतो, आणि गायकाच्या दमाबरोबर श्वास घेतो. वादक तान संपेपर्यंत मागं राहतो, गायक समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला की भरून देतो. गायकाच्या आधी जागा दाखवून टाकणारे पेटीवाले आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. हा त्यातला नाही.

ऑर्गनचं दुखणंही ऐकू येतं. बेळगावच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्टी घासते आणि दाबलेला सूर सुटल्यावरही चालूच राहतो. पावसाळी प्रयोगात तार सप्तकातला एक सूर असाच अडकला होता. वादकानं वाजवता वाजवता डाव्या हातानं पट्टी वर उचलली आणि पुढं गेला. सूर बोलेनासाच झाला तर कारण बहुधा रीडखाली, म्हणजे सूर देणाऱ्या पितळी जिभेखाली, बसलेला कचरा. पातळ कागद सरकवला की निघतो. स्वरच उतरला असेल तर मात्र जाणत्या हाताचं काम. रीडच्या टोकाकडं खरवडलं की सूर चढतो, बुडाकडं खरवडलं की उतरतो, आणि जास्त झालं तर ती रीड गेली. हे घरी करून बघण्याची गोष्ट नव्हे. आपल्याकडे हे काम येणारे हात कमी उरलेत. मिरजेकडून माणूस बोलवावा लागतो आणि त्याच्या सवडीनं सगळं चालतं.

तबल्याची अडचण वेगळी. कृष्ण आणि अर्जुन काळी एक-दोनमध्ये गातात, म्हणजे पेटीची ती काळी पट्टी हा त्यांचा ‘सा’; सुभद्रा काळी चारमध्ये. एका तबल्यावर दोन्ही पट्ट्या सांभाळायला गेलं तर मधे ठोकाठोकी आलीच. या मंडळीनं दोन तबले ठेवलेत: पुरुषांसाठी लहान तोंडाचा, टिपेचा, सुभद्रेसाठी मोठ्या तोंडाचा, ढाल्या, म्हणजे खालच्या सुराचा. तरी हवा दमट असली की पुडी, म्हणजे तबल्याचं चामडं, सैल पडते, सूर उतरतो आणि हातोडी उचलावीच लागते. पहिल्या अंकात नारदाचा संवाद चालू असताना तबल्याच्या लाकडी गठ्ठ्यांवर पाच-सहा ठोके पडले आणि सगळे प्रेक्षक नारदाला सोडून तबल्याकडं बघायला लागले. उपाय अवघड नाही. प्रयोगाच्या दोन तास आधी तबले उघडे करून रंगमंचाच्या दिव्यांच्या उबेत ठेवायचे, म्हणजे पुडी तिथल्या हवेला बसते. नांदीच्या पाच मिनिटं आधी पिशवीतून काढले तर पहिल्या तीन पदांत भांडण ठरलेलं.

गाण्यातला एक प्रवेश नीट सांगायला हवा. कृष्ण-रुक्मिणीच्या महालातली पहाट, ‘प्रिये पहा’. हे पद देसकारात बांधलंय. देसकार आणि भूप यांचे स्वर तेच पाच: सा रे ग प ध. फरक वजनाचा. भूप संध्याकाळचा, त्याचा जीव गंधारात, म्हणजे ‘ग’मध्ये. देसकार सकाळचा, त्याचा जीव धैवतात, म्हणजे ‘ध’मध्ये. गायक गंधारावर रेंगाळला की शब्द पहाटेचे आणि सूर दिवेलागणीचे, अशी गंमत होते, आणि ती नावाजलेल्यांकडूनही झालेली ऐकली असेल. इथला कृष्ण मुखड्यातच वर धैवतावर जाऊन थांबतो, तिथून पंचमावर उतरतो आणि गंधाराला नुसता स्पर्श करून परततो. मागं निळा पडदा हळूहळू नारंगी करणाऱ्या प्रकाशयोजनेची तेव्हा गरजही नव्हती. उजाडलं ते गळ्यातून. आवाज फार मोठा नाही. वरच्या षड्जावर थोडा पातळ होतो. पण शब्द एकही मोडत नाही, ‘समय’चा ‘य’ गिळत नाही. आजच्या नाट्यसंगीताच्या मैफिलीत तानेच्या पायी शब्दांचा जो चुरा होतो, त्यानंतर हे ऐकणं म्हणजे दिलासा.

सुभद्रा ताकदीची आहे, तयारीही मोठी. तिच्यापुढं एकच धोका: बालगंधर्वांच्या रेकॉर्डची सावली. ती मुरकी, तो लाडिक ठेहराव हुबेहूब आणायला गेली की ते दुसऱ्याचे दागिने वाटतात. तिसऱ्या अंकानंतर ती ते विसरते आणि आपलं गायला लागते. तो भाग चुकवू नका.

चालींबद्दल बेळगावकरांना वेगळं सांगायला नको, पण बाहेरून येणाऱ्यांसाठी: किर्लोस्करांनी रागदारीबरोबर साकी, दिंडी, लावणी आणि कानडी चालीही सढळ हातानं घेतल्या. त्याआधी विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं तेही कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ दरबारी पाहिल्यानंतर. केशवराव भोसल्यांची ‘ललितकलादर्श’ ही नाटक कंपनी १९०८ साली हुबळीत उभी राहिली. आणि गोकाककडच्या कुलगोडचं कानडी ‘श्रीकृष्ण पारिजात’ पाहिलेला कुणी इथं येऊन बसला तर रुसणारी बायको, समजूत काढणारा कृष्ण आणि मधेच गाणं, हे सगळं त्याला ओळखीचंच वाटतं. प्रेक्षागृहात कानडी बोलणारे बरेच असतात. मंडळीनं त्यांच्यासाठी पदावलीत, म्हणजे पदांच्या छापील पुस्तिकेत, प्रत्येक प्रवेशाचा चार ओळींचा कानडी सारांश छापलाय. वीस रुपयांना मिळते, टाईप मोठा आहे, घ्यावी. प्रयोग चालू असताना मोबाईलवर पदं शोधून शेजाऱ्याच्या डोळ्यांत उजेड पाडण्यापेक्षा ते बरं.

आता नापास विषय. गायकांना कॉलर माईक लावले होते. अंगावर शेला, गळ्यात मोत्यांच्या चार माळा, वर माईक. हात हलला की खरखर. कृष्णानं रुक्मिणीला जवळ घेतलं तेव्हा दोघांचे माईक एकमेकांचा आवाज पकडायला लागले आणि बादलीत बोलल्यासारखं ऐकू आलं. पौराणिक पोशाखाच्या नाटकाला रंगमंचाच्या कडेला जमिनीवर तीन आणि वरून टांगलेले दोन माईक पुरतात. गाणारे गळे तयारीचे असले तर त्याहून कमी. कॉलर लावायचाच तर छातीवर नको. मुकुटाच्या किंवा टोपाच्या कडेला, कपाळाशी, केसांत दडवून लावावा. तिथं माळा पोचत नाहीत. ऑर्गन आणि तबल्याचा आवाज गायकांना परत ऐकू जायला रंगमंचावर आतल्या तोंडाचा एक स्पीकर लागतो. तो नव्हता. म्हणून मागच्या बाजूला उभं राहून गायलेल्या पदात सुभद्रा किंचित चढी गेली. दोष तिचा कमी, मांडणीचा जास्त.

दुसरा मूर्खपणा धुराचा. घटोत्कच झोपलेल्या सुभद्रेला उचलून नेतो, तिथं धुराचं यंत्र सोडलं. लहान मुलं खूश झाली हे खरं. पण तो धूर घसा कोरडा करतो, आणि तो निवळायच्या आत अर्जुनाला गायचं असतं. तो खोकला नाही, पण पहिली ओळ पुन्हा घ्यावी लागली. घटोत्कचाच्या प्रवेशाला दोन हिरवे दिवे आणि तबलजीचा डग्गा एवढं भरपूर आहे.

‘वन्समोअर’चं काय करायचं, हा इथला जुना वाद. ‘अजून एकदा होऊ दे की!’ असं मागच्या रांगेतून आलं की गायक विरघळतो. पहिल्या दोन अंकांत तीन वेळा दाद स्वीकारली, वीस मिनिटं गेली, आणि ती वसूल केली शेवटच्या अंकातून. उलगड्याचा संवाद इतका धावला की संन्यासी म्हणजेच अर्जुन हे बलरामाला कळलं कधी, हे प्रेक्षकांना कळलं नाही. एका अंकात एकच वन्समोअर, तोही पूर्ण पदाचा नाही, अंतऱ्यापासून; असा दंडक दिग्दर्शकानं आधीच घालून द्यावा.

मध्यंतर दहा मिनिटांचं जाहीर होतं, प्रत्यक्षात झालं तीसचं. शाल, श्रीफळ, देणगीदारांची नावं, मग देणगीदारांच्या वतीनं दोन शब्द, मग त्या दोन शब्दांबद्दल आभार. रंगवलेले गायक विंगेत ताटकळत उभे, ऑर्गनवाला घड्याळाकडं बघतोय, तबल्याचा सूर पुन्हा उतरलेला. सत्कार नांदीच्या आधी उरकावेत किंवा पदावलीत छापावेत. आणि एक विनंती: कौतुक म्हणून मध्यंतरात ग्रीनरूममध्ये कुंद्याचे डबे पाठवू नका. खवा-साखरेचा लेप बसलेल्या गळ्यानं तार सप्तक गाता येत नाही. कोमट पाणी पाठवा.

येणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या गोष्टी. तिसरी घंटा जाहीर वेळेनंतर वीस मिनिटांनी होते. साडेपाच म्हणजे पाच पन्नास. तरी वेळेत यावं, कारण नांदी आणि सूत्रधाराचा प्रवेश चुकला तर अर्धी मजा गेली, आणि दार बंद केल्यावर पहिलं पद संपेपर्यंत आत सोडत नाहीत, ते योग्यच आहे. पहिल्या तीन रांगा टाळा. साथीदार प्रेक्षकांच्या डाव्या हाताला खाली बसतात. तिथं तबलाच तबला ऐकू येतो. सहावी ते दहावी रांग, मधल्या वाटेच्या उजव्या बाजूला, ही जागा सगळ्यांत चांगली. खानापूर, निपाणीकडून येणाऱ्यांनी परतीची गाडी बघूनच निघावं. प्रयोग सव्वानऊच्या आत संपत नाही. सात-आठ वर्षांची मुलं बसतात, घटोत्कचामुळं. त्याहून लहान बसत नाहीत.

नवख्यांनी तयारी एवढीच करावी: येण्याआधी आठवडाभर नाटकातली चार पदं, प्रत्येकी दोन वेगवेगळ्या गायकांची, ऐकून ठेवावीत. मुखडा ओळखीचा असला की गायक त्यापासून किती लांब गेला आणि समेवर कसा परतला, हे आपसूक कळतं. राग ओळखता आला नाही तरी बिघडत नाही. आणि पद संपल्यावर पहिलं वाक्य कसं बोललं जातं तिकडं कान द्या. गातानाची भावना संवादात टिकली तर नट, नाहीतर नुसता गवई.

देणगी द्यायची असेल तर कशाला, हेही सांगायला हवं. मंडळीचा खर्च जातो तो चार गोष्टींत: नाट्यगृहाचं भाडं, कपडेपट आणि रंगभूषा, प्रकाश-ध्वनी, आणि ऑर्गनची ने-आण. मोमेंटोसाठी दाते रांगेत उभे असतात. ऑर्गनच्या भात्याचं कापड बदलायला कुणी नसतो, कारण त्यावर नाव कोरता येत नाही. नवी पुडी, रंगमंचावरचा तो एक स्पीकर, ऑर्गनला पावसाळ्यात ठेवायला कोरडी खोली, रीड साफ करणाऱ्याचा जाण्यायेण्याचा खर्च. यांतलं एक विचारून द्यावं. पैसे देणं जमत नसेल तर तालमीला जागा द्या. संध्याकाळी सात ते नऊ, शेजारी तक्रार करणार नाहीत असा हॉल, ही आज शहरातली सगळ्यांत दुर्मीळ देणगी आहे.

सभासदत्व प्रयोगाच्या दिवशी मिळत नाही. तालमीच्या जागी संध्याकाळी सहानंतर जाऊन घ्यावं लागतं. पैसे मोबाईलवरून दिले तरी छापील पावती मागून घ्या. खुर्चीचा क्रमांक त्या पावतीवरच हातानं लिहिलेला असतो, आणि दारावरचा माणूस दुसरं काही मानत नाही.